मुंगी ओळखणारा गुडघा

मी एक जुना गुडघा आहे, उजवा. मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

मित्रांनो, माझा मालक फरशी बसवणारा मिस्त्री. फरशी बसवली की तो दोन फरश्यांच्या सांध्यावरून मला हळूच फिरवी. केसाएवढा उंचवटा असला तरी मला टोचे. एकदा फरशीखाली मुंगी अडकली होती. मी ती ओळखलीच, शिवाय तिचं तोंड डावीकडे आहे हेही ताडलं! "मिस्त्री, गुडघा आहे की दुर्बीण?" लोक विचारत. काय दिवस होते! त्या ओल्या सिमेंटचा गारवा अजून माझ्या कातडीत आहे.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र तीस वर्षं फरशीविना नुसता सिमेंटचा कोबा. मिस्त्रीची बायको म्हणे, "मी म्हातारी झाले, पण फरशी बसवायचा तुमचा 'पुढचा महिना' काही उजाडला नाही."

मग एका सकाळी मी भोपळ्यासारखा सुजलो. मिस्त्री मला शेकून कामावर गेला. महिनाभर हेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं.

"आत जंतू नाही, काही नाही. पण रोज मार बसतो म्हणून रक्तातले शिपाई धावून येतात आणि प्राणवायूपासून बनवलेलं जहाल अस्त्र फवारतात. त्याने तुमचीच कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, पोळते. पोळली की ती आणखी शिपाई बोलावते. हे अस्त्र शमवणारी रसायनं शरीरात असतात हो, पण तुम्ही उसंतच दिली नाही तर ती पुरणार कशी?"

"मग आमचं स्वयंपाकघर?" मिस्त्रीचा आवाज बारीक झाला.

"आधी गुडघा," बायको म्हणाली. "कोब्याला थांबायची सवय आहे."

मला उशी मिळाली. हळूहळू सूज उतरली. आणि मित्रांनो, मग मी एकट्याने त्या स्वयंपाकघराच्या साठही फरश्या बसवल्या! म्हणून सांगतो, दुखणाऱ्या सांध्याचं वेळेवर ऐका. लढाई संपली तरी शिपाई...

"ए लबाडा!" शेजारचा डावा गुडघा ओरडला. "तू तर बाजूला तंगडी पसरून पडला होतास! जाड गादीवर टेकून, रोज चार-चार फरश्या करत, सगळं मी निभावलं. दाराजवळची एक फरशी वर राहिली, तिथे मालकीणबाईंना रोज ठेच लागते. आणि रोज त्या हसून म्हणतात, 'उजवा असता तर त्याला कळलं असतं.'"