पाचानंतरची वाक्यं

“‘कन्टेंड’ हे क्रियापद वापरून वाक्यं सांगा,” टेबलापलीकडचा तरुण इंग्रज परीक्षक म्हणाला.

वेलिचकाबाईंचा जीव भांड्यात पडला. झगडणं, ठासून सांगणं! कालच तर घोकलं होतं. बल्गेरियातल्या व्रात्सा गावच्या शाळेत सव्वीस वर्षं त्यांनी रशियन शिकवलं. राजवट बदलली, रशियन भाषा सगळ्यांनाच नकोशी झाली, आणि पन्नाशीच्या बाईंना फर्मान आलं: इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. आज तीच तोंडी परीक्षा होती.

“आमचे शेतकरी गारपिटीशी कन्टेंड करतात,” बाईंनी इंग्रजीत सांगितलं.

परीक्षकाने मान खाली-वर हलवली.

बाई चपापल्या. मान खाली-वर, म्हणजे नाही! बल्गेरियात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“दोन पहिलवान बक्षिसासाठी कन्टेंड करतात.”

पुन्हा मान खाली-वर. त्यात गोड हसू. मेला हसत हसत नापास करतोय!

तिसरं झालं, चौथं झालं, पाचवं झालं. पाठ केलेली वाक्यं संपली, पण त्याची मान काही थांबेना. त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक दिमोवाबाई कागदात डोकं खुपसून गुण मांडत होत्या. वेलिचकाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

“जिला मी शिकवलं, तिच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून दोन वर्षं तुमच्या भाषेशी कन्टेंड केलंय मी! नवरा कोबी खारवायचा, मी शब्द पाठ करायचे. तुम्ही खुशाल नाही म्हणा. मी शिक्षिका आहे, असं मी कन्टेंड करते!” त्यांनी टेबलावर हातच आपटला.

परीक्षक दचकला. “नाही? अहो, मी पहिल्यापासून हो म्हणतोय!”

दिमोवाबाईंना हसू आवरेना. “अगं बाई, वेलिचका! त्यांच्याकडे अशी मान हलवली की हो. आपल्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे ना, तिसऱ्या धड्यात!”

“आहे हो. पण घाबरल्यावर पुस्तक आठवतं होय?” बाई मटकन खाली बसल्या. “म्हणजे... मी पास?”

“केव्हाच्या!” दिमोवाबाई म्हणाल्या.

बाहेर शेजारच्या गावचे स्तोइमेनसर बसले होते. तेही रशियनचेच शिक्षक, एकसष्ट वर्षांचे. हातातल्या कागदावरचे इंग्रजी शब्द पुटपुटत होते.

“काय हो, कसा आहे माणूस?”

“मान खाली-वर करत राहील. करू द्या. तो हो म्हणतोय.”

“थट्टा नाही ना करत, बाई?”

“या वयात? जा, बिनधास्त जा.” बाईंनी त्यांची कॉलर सारखी केली. सरांनी घामाने भिजलेला शब्दांचा कागद बाईंच्या हातात दिला आणि आत गेले.

बाईंनी कागद उलटला. मागे कुठल्याशा मुलीने लिहिलेला रशियनचा जुना पेपर होता. खाली लाल शाईत सरांचा शेरा होता: उत्कृष्ट. बाईंनी त्याची नीट घडी घातली आणि सर बाहेर येईपर्यंत तो हातात धरून बसल्या.