तोटीवरचा डावा हात

रोगाच्या साथीत बंद पडलेला बाजार एकवीस दिवसांनी उघडत होता. पोमाला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती झोप येत होती. गेले पाच दिवस ती बाजारातल्या सार्वजनिक संडासात गुडघ्यांवर बसून ब्लीचिंग पावडरीनं फरशा घासत होती. बावीस वर्षं हे काम ती आणि दुफी मिळून करत आल्या होत्या. दुफी गेल्या महिन्यात खोकत खोकत गेली. कशानं गेली ते कुणी बोललं नाही आणि न बोलताच सगळ्यांना कळलं. तिच्या जागी दुसरं माणूस देतो, असं नगरपालिकेनं सांगितलं होतं. सांगायला काय जातं.

त्यात आज पहाटेपासून फाटकावरचं कामही पोमाच्याच गळ्यात. हात धुतल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, असा हुकूम होता. बारा वाजता साहेब पाहणीला येणार आणि बाया कोरड्या हातांनी आत बसलेल्या दिसल्या, तर बाजाराला पुन्हा कुलूप. मागच्या कुलपात टोमॅटोच्या टोपल्याच्या टोपल्या जागच्या जागी कुजल्या होत्या. तो वास पोमाच्या नाकातून अजून गेला नव्हता, कारण ती घाणही तिनंच उपसली होती.

फाटकाशी स्टुलावर तोटीची बादली, खाली सांडपाण्याला घमेलं, बाजूला साबण. मांडणी छान होती, पण ज्यानं केली त्यानं जन्मात कधी संडास धुतला नसावा. मळक्या हातानं तोटी सोडायची, साबण लावायचा आणि धुतलेल्या हातानं तीच तोटी बंद करायची. म्हणजे अख्ख्या गावाचा मळ फिरून हातावर. पोमाला हे पहिल्या पाच माणसांतच दिसलं. तिनं सगळ्यांना बजावलं, "तोटीला कुणी बोट लावायचं नाही. पाणी मी सोडते, साबणही मीच घालते."

पण तिचा उजवा हात कामाचा राहिला नव्हता. हातमोज्यांची एकच जोडी मिळाली होती. ती तिनं खोकणाऱ्या दुफीला दिली आणि ती दुफीबरोबरच गेली. ब्लीचिंगनं तळवा सोलवटला होता, भेगांतून रक्त येत होतं. तो हात तिनं कमरेच्या कापडात खोचला आणि डाव्या हातानं काम सुरू केलं. डाव्या हातानं कुणाला काही देणं म्हणजे तोंडावर शिवी देणं. अगदीच नाइलाज असला तर आधी तोंडानं सांगायचं, मग दोष लागत नाही. म्हणून पोमा सांगत होती, "डावा हात आहे, राग नसावा." पहिल्याला, दहाव्याला, शंभराव्याला.

"अगं, उजवा काय नवऱ्यापाशी ठेवून आलीस?" मिरचीवालीनं विचारलं.

"नवरा असता तर त्यालाच नसतं उभं केलं इथं? डावा हात आहे, राग नसावा. नीट धू, बोटांच्या बेचक्यातही."

दहापर्यंत ऊन डोक्यावर आलं. तोंडावरच्या पट्टीखाली श्वास पुरेना, जीभ टाळूला चिकटली. चारेकशे हात झाले असतील. कधीतरी ते वाक्य तिच्या तोंडून गळून पडलं. तिला वाटत राहिलं की आपण म्हणतोय, पण ती म्हणत नव्हती. एकदोघांनी नुसत्या भुवया चढवल्या आणि हात धुतले. तिसऱ्या वेळी समोर राणीआई होती.

राणीआई म्हणजे कोनफळं विकणाऱ्या बायांची राणी. भाव ती ठरवायची, भांडणं ती मिटवायची आणि तिच्या पाठीशी साठ बाया असायच्या. आजही होत्या. पोमानं मुकाट्यानं डाव्या हातात साबण धरून पुढे केला. राणीआईनं त्या हाताकडे पाहिलं, आपले दोन्ही हात मागे घेतले आणि फाटकातून आत गेली. मागोमाग साठ बाया कोरड्या हातांनी आत.

"संडासवालीनं डाव्या हातानं दिलेलं आता आम्ही घ्यायचं होय?" शेवटची जाता जाता म्हणाली.

पोमाला काय झालं ते कळायला क्षण लागला. मागची रांगही चुळबुळायला लागली होती. राणीआईला नको असलेलं पाणी त्यांना तरी कशाला हवं होतं? बारा वाजायला पाऊण तास होता.

फाटकाजवळच म्हातारा शिंपी बादू मशीन मांडून बसायचा. पोमा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मोठ्या माणसाची माफी थेट स्वतः जाऊन मागायची नसते, मध्ये कुणीतरी वडीलधारं लागतं.

"बाबा, माझ्यासाठी शब्द टाका. चुकलं माझं."

"चुकलं तर खरंच," बादू चष्मा काढत म्हणाला. "एवढं एक वाक्य म्हणायला जीभ झिजली होती का तुझी?"

"झिजली होती, बाबा."

दोरा तोडून म्हातारा उठला.

राणीआई कोनफळांच्या ढिगाशी बसली होती. बादूनं टोपी काढून रीतीप्रमाणे तिची विनवणी केली. पोरीच्या मनात पाप नव्हतं, उजवा हात अधू आहे. पोमा मान खाली घालून मागे उभी होती.

"दाखव बघू," राणीआई म्हणाली.

पोमानं कापडातून हात काढला. बाया पुढे झुकल्या आणि लगेच मागे सरल्या. राणीआई बराच वेळ त्या तळव्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता.

"माफ केलं," ती म्हणाली. "पण असला हात घेऊन तू लोकांच्या पाण्यापाशी उभी राहिलीस? उघडी जखम ती. रोग असाच पसरतो, बाई. तू फाटकावर उभी राहू नकोस. माझी भाची राहील."

यात खोटं काय होतं? जखमेचा हात पाण्याला लावू नये, हे पोमानंच सकाळपासून चार जणांना सांगितलं होतं. इतका वेळ ती लोकांच्या हातांना भ्यायली होती आणि शेवटी घाणेरडा हात तिचाच निघाला. तिला रडू आलं नाही, रडायलाही अंगात जोर लागतो.

भाची तोटीपाशी उभी राहिली. राणीआईनं सगळ्यांच्या आधी हात धुतले, मागून साठ बायांनी. रांग सरळ झाली. बारा वाजता साहेब आले, त्यांनी रांग पाहिली आणि बाजार चालू ठेवा म्हणाले. तोटीला कुणी हात लावत नाही ही युक्ती कुणाची, असं त्यांनी कौतुकानं विचारलं. बायांनी राणीआईकडे बोट दाखवलं. राणीआईनं हो म्हटलं नाही आणि नाकारलंही नाही.

पोमा संडासामागच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. बाजाराचा गलका कानावर येत होता आणि तिला बरं वाटत होतं, खरोखरच बरं वाटत होतं. डोळा लागणार तोच पलीकडून हाक आली.

"पोमामावशी, तिसरा नंबर तुंबलाय गं. ये लवकर, लोक खोळंबलेत."

हाताचं कुणी विचारलं नाही. पोमानं उजव्या तळव्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, दातांनी गाठ मारली आणि बादली उचलली.