सगुणाबाईंनी काय काय सोडलं

२०२२ साल होतं. सायखेड्याच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीची घाई चालली होती, त्यामुळे योगेश बायकोबरोबर आईला घेऊन नाशकात आला होता खरा, पण त्याचा निम्मा जीव बागेत अडकला होता.

“ऑपरेशन आत्ता होणार नाही,” द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर त्याला सांगत होते. “यांच्या अंगात रक्तच नाही. हिमोग्लोबिन सातावर आलंय. बी-ट्वेल्व्हही कमी. भूल कशी देणार? आधी रक्त वाढवा, मग गर्भाची पिशवी काढू.”

सगुणाबाई बाकावर एका कुशीवर रेलून बसल्या होत्या. नीट बसताच येत नव्हतं. जरा वजन उचललं, खोकला आला, की अंग बाहेर येई. हे दुखणं त्यांनी किती वर्षं लुगड्याच्या घडीत दडवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. गोठ्यामागे वाळत घातलेल्या चिंध्या सुनेच्या, उज्वलाच्या, नजरेला पडल्या तेव्हा घरात कळलं. त्यांची मागणीही फार नव्हती. मांडी घालून बसता यावं आणि बांधाबांधाने बागेच्या टोकापर्यंत जाऊन यावं, बस्स.

डॉक्टरांनी तिघांना आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणजे स्नेहल नावाची तरुण मुलगी. तिच्या मागच्या भिंतीवर रंगीत ताटाचं चित्र होतं.

“आजी, काल दिवसभरात काय खाल्लं?”

“भाकर.”

“भाकरीबरोबर?”

“ठेचा. दुपारच्याला भात, आमटीचं वरचं पाणी. कोरा चहा. परत भाकर. पोट भरतं माझं बाई, उपाशी नाय मी.”

“पोट भरतं, पण अंगात काही पोचत नाही.” स्नेहलने चित्रावर बोट ठेवलं. “हे बघा, भाकरी-भात म्हणजे कर्बोदकं. त्यांच्यावर माणूस चालतो, बोलतो. अंगाची झीज भरून काढायला प्रथिनं लागतात. डाळी, उसळी, दूध, अंडी यांतून ती मिळतात. तेल-तूप, शेंगदाणेही लागतात. हे सगळं भरपूर लागणारं. लोह आणि जीवनसत्त्वं मात्र लागतात कणभर. पण तेवढ्या कणाशिवाय रक्त होत नाही.”

सगुणाबाई चित्राकडे बघत राहिल्या. “म्हंजी बागेला फेरस सोडत्यात तसं?”

“म्हणजे कसं?”

“शेणखत किती बी घाला, फेरस कमी पडलं की शेंड्याची पानं पिवळी पडत्यात. मग ह्यो ड्रिपमधून सोडतो. मायक्रो का काय म्हणतो त्याला.”

स्नेहल हसली. “अगदी तसंच. तुमचे शेंडे पिवळे पडलेत.”

योगेशने बाहेर काढलेला मोबाइल परत खिशात घातला. रोज सकाळी पानांचा रंग बघत ओळीओळीने फिरणारा माणूस तो. आईच्या डोळ्याची खालची पापणी आतून कशी पांढरी पडली आहे, ते आज डॉक्टरांनी ओढून दाखवलं तेव्हा त्याने पहिल्यांदा बघितलं होतं.

“तर मग दूध घ्यायचं,” स्नेहल म्हणाली.

“नाय चालत.”

“अंडी?”

“नाय.”

“बरं, मटकीची उसळ. वर लिंबू पिळून.”

“मटकी नाय खात मी.”

“नाशिकच्या ना तुम्ही? मग मिसळ कशी खाता?”

“माझ्या हातची उसळ चालत नाही त्यांना, मॅडम,” उज्वला मध्येच म्हणाली. किती तरी दिवस ओठांवर असलेलं ते बाहेर पडलं. “ताटात वाटी ठेवली की बाजूला सरकवतात. पाहुण्यांसमोर, सोयऱ्यांसमोर. मुलगी झाली तेव्हापासून बघते मी. आता मी वाढायचंच बंद केलंय.”

सगुणाबाईंनी मान खाली घातली.

“मटकीचा त्रास होतो का आजी? पोट दुखतं?”

“सोडलीय मी ती.”

“का?”

“ते सांगायचं नसतं. बोललं की फळ जातं.”

“आजी,” स्नेहल हळूच म्हणाली, “रक्त वाढलं नाही तर हे ऑपरेशन होणार नाही. सोडलंय ते सगळं नेमकं तुम्हाला लागणारं आहे.”

मग सगुणाबाई कुणाकडेही न बघता, भिंतीवरच्या ताटाला सांगितल्यासारखं बोलल्या.

“ह्यो लहान व्हता, टायफॉइड झाला. डोळं उघडंना. तवा दूध सोडलं. मालकांना इथंच नाशकात आणलं व्हतं, तवा वशाट सोडलं. मासं, अंडी, समदं. आन् हिचं पहिलं बाळतपण. पोर झाली पन रगत थांबंना. डाक्टर म्हनला, सांगता येत नाय. मला मटकी लय आवडायची. दुसरं काय व्हतं माझ्याजवळ द्यायला?”

योगेशला लहानपणापासून वाटत आलं होतं की आईला चहा कोराच आवडतो. चारचौघांत तो तिची थट्टाही करायचा.

परत जाताना द्वारकेच्या चौकात गाडी अडकली. हॉर्नच्या गोंगाटात उज्वला खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मला वाटायचं, माझाच राग आहे.”

“तुझा कशाला राग येईल?” सगुणाबाई म्हणाल्या.

“मग एकदा तरी सांगायचं ना!”

“आन् तुला काय झालं असतं मंग?”

त्या रात्री उज्वलाने मटकी भिजत घातली, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली. मोड आल्यावर उसळ केली, कांदा चिरला, लिंबू कापलं आणि वाटी सासूसमोर आपटली म्हणावी इतक्या जोरात ठेवली.

“खा.”

“अगं, सोडलेलं असं...”

“माझ्यासाठी सोडली ना? मग आता माझ्यासाठीच खा. मी धडधाकट आहे. मुलगी कॉलेजला जायला लागली. देवाचं देणं फिटलं म्हणा.”

सगुणाबाईंनी पहिला घास घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. मग चावला. “मीठ कमी पडलंय,” त्या म्हणाल्या. उज्वला हसली आणि डोळे पुसत मिठाचा डबा आणायला उठली.

दुधाचं योगेशने केलं. सकाळी पेला घेऊन तो समोर बसायचा. “टायफॉइड केव्हाचा गेला, आई. पी.” त्यांना दुधाचा वास सहन होत नव्हता. नाक दाबून, पोरीसारखं तोंड वाकडं करून त्या प्यायच्या. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हेही त्याने ध्यानात ठेवलं.

अडलं ते वशाटापाशी. सगुणाबाईंच्या थोरल्या नणंदबाई नवसाबाई त्यासाठी मुद्दाम चालत आल्या.

“सगुणे, येडी का तू? माझा भाऊ हिरामण वाचला असता तर गोष्ट येगळी. देवानं त्याचं काम नाय केलं, तू का पाळत बसली? अंडं खा, गप.”

“वन्सं, पोरं म्हनली, आमच्यासाठी खा. मी खाल्लं.”

“मंग?”

“त्यांनी म्हनायला पायजे ना.”

नवसाबाईंनी पदर सावरला आणि घराची वाट धरली.

पुढच्या तपासणीला हे ऐकून स्नेहलने वाद घातला नाही. तिने डॉक्टरांशी बोलून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू करवली. सगुणाबाईंनी जरा विचार केला आणि पदर सारून दंड पुढे केला. सोडलं होतं ते तोंडाने खाणं. सुईचं काही बोलणं झालेलं नव्हतं.

छाटलेल्या बागेला घड लागून मणी फुगले तोवर त्यांचं रक्त वाढलं. ऑपरेशन झालं. योगेश खाली औषधांच्या दुकानात धावत होता. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर उज्वला एकटी बसून होती.

याला आता काही वर्षं झाली. स्नेहल लग्न होऊन पुण्याला गेली. नवसाबाई पुढच्याच थंडीत झोपेत गेल्या. योगेशने जुनी बाग काढून नवी लावली. आता तो पानं बघायला निघाला की आईला बरोबर नेतो. सगुणाबाई बांधाबांधाने टोकापर्यंत जातात आणि परत येतात. घरात मासे आले तर त्याच साफ करतात, कालवण करतात, आणि मिठाची चव दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगतात.

उज्वला आता सासूबरोबरच जेवायला बसते. तिचं दह्याचं वेड माहेरापासूनचं. भातावर दही नसलं तर तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही. परवा सगुणाबाईंनी दह्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

“नको. घसा धरतो हल्ली.”

हल्ली म्हणजे कधीपासून, ते सगुणाबाई आठवत राहिल्या. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून तिच्या ताटात दही दिसलेलं त्यांना आठवेना.

“मी बरी हाय आता, उज्वला,” त्या म्हणाल्या.

उज्वलाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि भातावर वरण ओढून घेतलं.