पायरी आहे का?

पायरी दुरुस्त झाली. दार उघडलं की घर्र करत बाहेर, दार लागलं की घर्र करत आत, नवी असताना चालायची अगदी तशी. आता हे वाचलंच नाही असं समजा. त्या घरातले सगळे तसंच समजून चालतात, तेव्हा आपणही मोडक्या पायरीपासूनच सुरुवात करू.

मोडकी पायरी बाबांच्या मोटरहोमची. आत ओटा, पलंग, मोरी आणि खाली चाकं, असं ते घर. बाबा कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी ते जुनं विकत घेतलं, तेव्हा ताईने कपाळाला हात लावला आणि तिच्या धाकट्या भावाने दोन्ही. आईने मात्र त्याच दिवशी डबे भरायला घेतले. वर्षातले काही महिने दोघं भटकायचे आणि उरलेले महिने गाडी ताईच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली उभी असायची.

गाडीचं दार जमिनीपासून बरंच उंच. म्हणून त्याखाली विजेवर चालणारी पायरी. आईचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ती शिडीवरून उतरावं तशी उलटी उतरायची. तोंड घराकडे, पाठ जगाकडे. खालचं काही दिसायचं नाही. म्हणून ती दारात थांबून विचारायची, "पायरी आहे का?" आणि आत जो कोणी असेल तो म्हणायचा, "आहे."

बघून कोणीच म्हणायचं नाही. ताई तर आपल्या स्वयंपाकघरातून ओरडून "आहे" म्हणायची, आणि तिथून पायरीच काय, गाडीही दिसत नसे. धाकटा एकदा दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणाला होता. आई तेवढ्यावर निर्धास्त उतरली. पायरी असायचीच.

एका दुपारी नव्हती.

खुबा मोडला. दवाखान्यात खुबा बरा होत आला, बाकीची आई झाली नाही.

सगळं आटोपल्यावर बाबा स्टुलावरून गाडीत चढले, स्टूल घेऊन जायला सांगितलं आणि त्यानंतर खाली उतरलेच नाहीत.

"पायरी मोडलीय. उतरू कसा?"

"स्टूल आणते की, बाबा."

"स्टूल हा पायरीला पर्याय धरता येणार नाही." बाबांनी हयातभर लोकांचे अर्ज घेतले आणि फेटाळले. ती भाषा अंगात मुरलेली. घरात ते मीठसुद्धा "उपलब्ध करून द्यावे" असं मागायचे, आणि आई "विचाराधीन आहे" म्हणून आणून द्यायची.

ताट खिडकीतून आत जायचं, रिकामं होऊन खिडकीतून बाहेर यायचं. दिवस गार व्हायला लागले. गाडीचा पत्रा बर्फासारखा. ताईने धाकट्याला फोन लावला.

"तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना? ही एका फुटाची लिफ्ट समज. ये, आणि बाबांना घरात आण."

"ते कसे आहेत?"

"खोकला छातीत उतरलाय. ते सोडून सगळं उतरतंय."

धाकटा आला. थंड चिखलात पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला. पायरी आत घडी घालून बसली होती, गुन्हा केलेल्या कुत्र्यासारखी. डोक्यावर फळी, फळीवर बाबा, आणि बाबांचा आवाज फळीतून गाळून येत होता.

"मोटर गेली असेल."

धाकट्याने मोटरला सरळ बॅटरीची वायर लावली. पायरीने तत्परतेने उडी मारून त्याच्या कोपराला चापट दिली.

"मोटर चांगलीय, बाबा."

"मग अर्थिंग."

ती वायर घासून बघितली. धडधाकट. "अर्थिंग ठीक आहे."

"दाराचं चुंबक बघ." दाराच्या चौकटीत एक चुंबक असतं, त्याच्यावरून पायरीला दार उघडं की बंद ते कळतं.

"बाबा, चुंबकही ठीक आहे."

"नीट बघ!" बाबा खोकले. "काहीतरी गेलंच असेल. असं कसं काहीच गेलं नाही?"

धाकट्याने आजवर कितीतरी लिफ्ट बघितल्या, लिफ्टमध्ये अडकलेली माणसंही. पण वस्तू मोडकीच निघावी म्हणून काकुळतीला आलेलं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा बघितलं. त्याला वाटलं, थंडीने बाबांचं डोकं चळलंय. पायरी पुन्हा आत ढकलून तो बाहेर आला आणि कोपर टेकून, पोट घासत, दारातून गाडीत चढला. एक वायर फळीतून वर जात होती. तो तिच्या मागे मागे गेला.

वायर दाराशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर, आईच्या पिशवीमागे संपत होती. पिशवी अजून खुंटीलाच. त्याने ती बाजूला केली. मागे एक छोटं बटण होतं. असं काही बटण आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. बटण बंद होतं.

त्याने दाबलं. उघड्या दाराखाली पायरी घर्र करत बाहेर आली आणि खट करून थांबली.

धाकट्याने बटणाकडे बघितलं. मग त्याला आठवलं. या घर्रमुळे दुपारी डोळा लागत नाही अशी बाबांची तक्रार असायची. आई सारखी आतबाहेर करायची आणि पायरी सारखी ओरडायची. मागच्या उन्हाळ्यापासून ती तक्रार बंद झाली होती. आणि बाबांची तक्रार आपोआप बंद होणाऱ्यातली नव्हती.

तो वळला. बाबा पलंगाच्या काठावर बसले होते, स्वेटरवर स्वेटर, त्यावर आईची शाल.

"मोटरच गेलीय ना?" बाबा म्हणाले.

धाकट्याचा हात अजून बटणापाशीच होता.

"आई उतरताना विचारायची बघ. पायरी आहे का म्हणून. मी काय म्हणायचो?"

"आहे म्हणायचात."

"बघून म्हणायचो का?"

"कोणीच बघून म्हणायचं नाही, बाबा. मी फोनवरून म्हणालो होतो."

"तू बटण बंद करून म्हणाला नव्हतास." बाबांनी शालीचं टोक दुमडलं, उलगडलं, पुन्हा दुमडलं. "एरवी ती उतरायच्या आत मी चालू करायचो. त्या दुपारी झोपेत होतो. ती म्हणाली, पायरी आहे का. मी म्हटलं, आहे."

अंगणातून चपलांचा आवाज आला. ताई येत होती. "काहीतरी वाजलं ना आता? चालली का रे?"

धाकट्याने दार ओढून घेतलं. खाली घर्र झालं आणि पायरी आत गेली. त्याने बटण बंद केलं. पिशवी सरळ केली. मग बाबांकडे न बघता दार उघडलं. पायरी आली नाही.

"मोटर गेलीय," तो म्हणाला.

"मग आत्ता वाजलं ते काय?"

"तेच. जाता जाता वाजली."

"नवी टाक."

"मिळत नाही. बनवायची बंद केलीय."

ताईने पायरीच्या जागी बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आतल्या अंधारात बघितलं. ती काही बावळट नव्हती. "बरं," ती म्हणाली. "मोटर गेली तर गेली. मी गोधडी आणते." आणि नाक ओढत गेली. थंडीच तशी होती.

आता धाकट्याला उतरायचं होतं. हातात हत्यारांची पिशवी, म्हणून तो वळून उलटा झाला, एक पाय खाली सोडला, आणि आईला ऐकून ऐकून लागलेल्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "पायरी आहे का?"

म्हणून झाल्यावर त्याला जीभ गिळावीशी वाटली.

बाबा उठले. पलंगाला धरून, ओट्याला धरून दारापर्यंत आले. गुडघे टेकले. हे सगळं व्हायला बराच वेळ लागला आणि धाकटा एक पाय हवेत ठेवून तसाच लोंबकळत राहिला. बाबांनी चष्मा पुसला, मान बाहेर काढली आणि खाली बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"नाही," बाबा म्हणाले. "बघून सांगतोय. नाहीये."

धाकट्याने उडी मारली. चिखल पोटरीपर्यंत उडाला.

"खोल आहे का रे?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही. पण अचानक येते जमीन."

"हं." बाबा दारात गुडघ्यांवरच होते. मागे लवंडायचं की पुढे, हे त्यांचं ठरत नव्हतं. "एक अर्ज कर माझ्यातर्फे."

"कोणाला?"

"जमिनीचं जो कोणी बघत असेल त्याला. घे. विषय, जमीन वर उचलून मिळणेबाबत." त्यांनी खोकला दाबला आणि आवाज कचेरीतला केला. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर दाराखालील पायरी कायमची नादुरुस्त आहे. सबब, सदर दाराखालची जमीन एका पायरीएवढी वर घेण्यात यावी, आणि हा बदल पूर्वलक्षी प्रभावाने, त्या दुपारपासून, लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती."