उरलेले अर्धे

ताट समोर आले आणि मास्तर गोंधळले. आयुष्यभर कापडाचे माप नजरेने जोखलेल्या त्या शिंप्याला आपले ताट आज प्रथमच तोकडे वाटले. पोळी एकच, भाताची मूद लहान, वरण वाटीच्या अर्ध्यावर, दुधीची भाजी चाखण्यापुरती. शेजारी लेकीचे ताट मात्र भरगच्च होते. या खानावळीचे मापच लहान, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती.

लेक काल दूरच्या गावाहून आली होती. वडील एकटे राहू शकतील की त्यांना आपल्याकडे न्यावे, हे तिला आज ठरवायचे होते. सकाळी ती मैत्रिणीकडे जाऊन आली, तेव्हा मास्तर घरभर चष्मा शोधत होते. तो सापडला नाही. तरीही ते उत्साहाने तिला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या या खानावळीत घेऊन आले. स्वच्छ, स्वस्त, निरामिष अन्न, तेही घरापासून हाकेच्या अंतरावर. एकट्या माणसाला आणखी काय हवे, हे त्यांना तिच्या जिभेकडूनच वदवून घ्यायचे होते.

आणि अन्न खरोखरच प्रसन्न होते. वरणातून जिऱ्याच्या फोडणीचा सुगंध दरवळत होता. पोळीचा पापुद्रा बोट लागताच सुटत होता. मास्तरांनी पहिला घास आदराने घेतला. चव सारी जागच्या जागी होती. भूकच तेवढी कुठे गेली, ते त्यांना उमगेना.

लेकीने मात्र दोन्ही ताटे पाहिली होती. तिने मालकीणबाईंना बोलावले.

"मावशी, बाबांच्या ताटात एवढंसंच? म्हातारा माणूस काही बोलत नाही, म्हणून?"

शेजारच्या टेबलांवरची बोलणी थांबली. मालकीणबाईंची जीभ साऱ्या गल्लीला ठाऊक होती. भाजीत मीठ कमी म्हणणाऱ्याला त्या मिठाचा डबाच आणून देत. आता काही खरे नाही, असे मास्तरांना वाटले. पण त्या एवढेच म्हणाल्या, "चुकलं, ताई." वाढायचा डाव हातात असूनही त्यांनी आणखी काही वाढले नाही, हे तर अधिकच अगम्य होते.

त्या वळताच लेक खालच्या आवाजात म्हणाली, की घर नीटनेटके आहे, औषधे जागेवर आहेत, तेव्हा बाबांनी खुशाल इथेच राहावे. जेवण मात्र दुसरीकडे लावू, असल्या लबाड बाईकडे नको.

हवे ते मिळाले होते. तरी मास्तरांना ताटावर बसवेना. ठसक्याचे निमित्त करून ते हात धुवायच्या जागी गेले. नळावरच्या फळीवर एक चष्मा होता. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, आणि ती गाठ त्यांच्याच हातची होती.

सकाळी लेक बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी तिच्या बाहीला गुंडी लावून दिली होती, ती हाच चष्मा लावून. मग तो इथे कोणी आणला? त्यांनी आठवून पाहिले. गुंडी आठवत होती, दार लावलेले आठवत होते. पुढे मात्र कापड कातरून नेल्यासारखी मोकळी जागा होती.

मालकीणबाई पाण्याचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या.

"मी आज आधी येऊन गेलो का हो?"

"पाणी प्या आधी."

"जेवलो?"

"अर्धं," त्या म्हणाल्या. "रोज असंच होतं, मास्तर. जेवून जाता, आणि थोड्या वेळानं पुन्हा येता, पहिल्यांदाच आल्यासारखे. दोनदा पोटभर वाढलं तर बाधायचं, आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून दोन्ही वेळा अर्धंच वाढते."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"ते मी कसं सांगू?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांवर चढवला. गप्प राहिले तर घर राहत होते. ते जागेवर येऊन बसले. लेक विचारत होती, बरे वाटते ना, आणि दुसरी खानावळ आजच पाहायची का.

"नको," ते म्हणाले. "या बाईंनी काही कमी वाढलेलं नाही गं. हे उरलेलं अर्धं आहे. पहिलं मी मघाशी जेवून गेलो."

लेकीला काही कळेना. "मघाशी म्हणजे कधी, बाबा?"

"तेच मला आठवत नाही."

तिच्या हातातला घास ताटाच्या काठावरच राहिला. ती बाहीची गुंडी उगीच चाचपत राहिली. मास्तरांनी भाताचे शीतन् शीत टिपले, वाटी निपटून प्यायले आणि मालकीणबाईंकडे पाहून म्हणाले, "आज वरण फार छान झालंय."

मालकीणबाईंनी ते आज प्रथमच ऐकल्यासारखे ऐकून घेतले.