जावईबापूंचा डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमचा, बुडाला पोचा आलेला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला. बोलणं जरा आडदांड वाटलं तर सांभाळून घ्या. शाळेत मला कोणी घातलं नाही.

कारखान्यात एक दणका बसला आणि पत्र्याचा मी डबा झालो. मग बाबांचं जेवण वाहण्यात माझी उमर गेली. घर परदेशी निघालं तेव्हा आईनं माझ्यात मोजे कोंबले आणि मला बॅगेत कोंबलं. इकडं बाबा गोदामात कामाला लागले. जेवण तिथंच मिळायचं. मी पडलो ओट्याखाली. कुत्रं विचारीना.

मग घरात जावईबापू आले.

जावईबापू म्हणजे पाल. भिंतीवरची नव्हे, चांगली वीतभर, पिवळी, ठिपक्याठिपक्यांची, काचेच्या पेटीत दिव्याच्या उबेला पडून राहणारी. घरातल्या लेकीची, चिमीची मैत्रीण गाव सोडून गेली, ती जाताना पेटीसकट देऊन गेली. आईनं कपाळाला हात लावला.

"पाल दिसली की झाडू शोधते मी, आणि ही बया पाळायला घेऊन आली! खाते काय ही?"

"ही नाही आई, तो आहे. जिवंत किडे खातो. हलत नसेल तर तोंडच लावत नाही."

"अगंबाई! म्हणजे जावईच आणलास की घरात!"

नाव पडलं ते पडलंच.

बाबांनी खिळा-हातोडी घेतली, माझ्या झाकणाला भोकं पाडली आणि मी रातकिड्यांचा डबा झालो. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण पुन्हा कामाला आलो याचा आनंद मोठा. आत किडे उड्या मारायचे, मला गुदगुल्या व्हायच्या. आई म्हणायची, "हा डबा आहे म्हणून बरं, नाहीतर सगळे माझ्या पिठात असते." एवढं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं माझं.

आणि एक दिवस कोपऱ्यावरचं किड्यांचं दुकान बंद झालं. मालक आजारी, दाराला कुलूप.

चिमी बाबांना घेऊन गावभर हिंडली. मासे धरायचे गळ विकणाऱ्याकडे, इकडची भाषा येईना म्हणून, बाबांनी डोक्याला दोन बोटं लावून उडी मारून दाखवली. तो म्हणाला, ससे पुढच्या गल्लीत मिळतात. चिमीनं नीट सांगितल्यावर गांडुळं मिळाली. जावईबापूंनी हुंगलं आणि पाठ फिरवली. या पालीची चरबी शेपटीत असते, आणि ती शेपटी दोरीसारखी वाळत चालली. चिमी काचेला नाक लावून बसायची. "बाबा, हा मरेल का हो?"

"मरतोय कशाला? उद्या सुट्टी आहे, बागेत नाकतोडे पकडू."

बागेत गवत हिरवंगार. बाबा वाकले आणि थांबले. "आधी त्या माळ्याला विचार, गवतावर औषध मारलंय का."

चिमीनं इकडच्या भाषेत विचारलं. औषधाला तिला एकच शब्द येत होता, तिच्या खोकल्याच्या बाटलीवरचा.

"औषध?" माळी पोट धरून हसला. "गवताला? का, ताप आलाय का त्याला? नाही हो, औषधबिवध काही नाही."

"नाही म्हणाले, बाबा!"

"मग धर!"

नाकतोडे पटापट हाताला लागले. बाबा खूश. "काय गरीब आहेत गं इकडचे! पळतसुद्धा नाहीत."

मित्रांनो, मला मात्र त्याच वाटेवर कळलं. आत उड्या नव्हत्या. बारीक थरथर होती. पाय माझ्या पत्र्यावर टकटक, टकटक वाजत होते. गुदगुल्या नव्हेत त्या. डब्याला तोंड असतं, पण ते दुसऱ्यानं उघडायचं.

चिमीनं उघडलं. एक नाकतोडा उताणा पडून तडफडत होता.

"केवढा हलतोय बघा! हाच देते आधी."

हललेलं तेवढंच जावईबापूंना दिसतं. किती दिवसांचे उपाशी. झडप घातली. मग दुसरा, मग तिसरा. आई हसली, "जावईबापूंचा रुसवा गेला एकदाचा."

सकाळी जावईबापू त्या नाकतोड्यांसारखेच थरथरत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला उघडलं. आत सगळे पाय वर करून पडलेले. त्यांनी नाक जवळ आणलं, झटकन मागं घेतलं आणि बागेत फोन लावला.

"दोनच दिवसांपूर्वी फवारणी झालीय," त्या म्हणाल्या. "विचारलं नाहीत तुम्ही?"

"विचारलं होतं!" चिमी ओरडली. "औषध नाही म्हणाले ते!"

"औषध नव्हतंच, बाळ. विष होतं."

जावईबापूंच्या गळ्याखालची कातडी वर-खाली होत होती. हळू झाली. मग थांबली.

चिमी म्हणाली, "बाबा, विषाला इकडं वेगळा शब्द आहे."

"असणारच गं."

"मग आपण त्याला औषध का म्हणतो?"

बाबांनी माझं झाकण दाबून घट्ट लावलं. इतकी वर्षं त्यांचं जेवण वाहिलं मी, पण एवढं घट्ट त्यांनी कधी लावलं नव्हतं.

दवाखान्यातल्या लोकांनी मला परत दिलं नाही. आता मी जाड पिवळ्या पिशवीत बांधलेला, कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. पिशवीवर मोठ्या अक्षरात एकच शब्द आहे. निघताना चिमीनं बोट फिरवून फिरवून तो वाचला. आता ती तो विसरायची नाही.

मित्रांनो, मुक्या जिवाला तुम्ही द्याल ते तो खातो. विचारत नाही, वाचत नाही. म्हणून तुम्ही विचारा, आणि नीट शब्दात विचारा. मारायला जे फवारतात, त्याला औषध म्हणू नका रे.