घारव्यांचा वस्ताद

घारव्यांना पंख नेमके कुठून फुटतात, यावर शाहूपुरीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आठवडाभर वाद चालला होता. खाली गिऱ्हाईक साडीचा पदर उलगडून बघत असायचं आणि वर विश्वजित कॉम्प्युटरवर माणसांच्या पाठीला पंख लावून बघत असायचा. काही केल्या ते बसत नव्हते.

घारवे म्हणजे उंच कड्यांवर राहणारी पंखांची माणसं. एका परदेशी कंपनीच्या गेमसाठी ती घडवायची होती. त्या गेममधलं राज्य, डोंगर, जादू, लढाया सगळं ठरलं होतं. ही एक जमात तेवढी राहिली होती आणि ते काम फिरत फिरत शिवानीच्या छोट्या स्टुडिओकडं आलं होतं. शिवानी मूळची नेसरीची. पुण्यातली नोकरी सोडून आलेली आणि ‘कोल्हापुरात बसून जगाचं काम करून दाखवते’ या हट्टाला पेटलेली. घारवे हे नाव विश्वजितनं काढलं होतं. कंपनीला त्याचा अर्थ कळला नाही, पण कानाला बरं वाटलं म्हणून त्यांनी ते ठेवलं.

चित्रं मात्र परत आली.

“शाळेच्या गॅदरिंगला परीला पुठ्ठ्याचे पंख बांधत्यात, तसं दिसाय लागलंय,” शिवानी म्हणाली. “आरं, घार बघितलीयास न्हवं? निम्मी घार म्हंजे छातीच असती. तुझी माणसं सगळी सिनेमातल्या हिरोसारखी. ही काय उडणार? फुकलं तर पडतील.”

विश्वजितला राग आला, कारण ती खरं बोलत होती. त्या दुपारी तो तसाच घरी आला आणि मागच्या दारानं आत शिरला. मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्याचे वडील अंगावर पाणी घेत होते. जन्मापासून ज्यांच्या घरात वाढला त्या माणसाची उघडी पाठ विश्वजितनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, म्हणून सांगायला पाहिजे. विश्वजितचे वडील, उदयसिंह, हे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. तरुणपणी नावाजलेला गडी. एका जत्रेच्या मैदानात त्यांचा उजवा खांदा निखळला. दवाखान्यात जायचं सोडून गडी हाडं बसवणाऱ्याकडं गेला, कारण पैलवानानं दवाखान्यात जाणं त्या काळी कमीपणाचं वाटायचं. खांदा बसला, पण चार बोटं खाली. कुस्ती संपली. तेव्हापासून उदयसिंहांनी गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट चारचौघांत कधी काढला नाही. लंगोटावर फिरणाऱ्या पोरांच्या तालमीत एकटा वस्तादच तेवढा शर्टात! सुरुवातीला लोक हसले असतील. मग सवय झाली आणि सवयीपुढं हसू टिकत नाही.

विश्वजितलाही त्यांनी लहानपणी मातीत उतरवलं होतं. नववीत त्यानं तालीम सोडली आणि चित्रकलेच्या क्लासला जायला लागला. उदयसिंहांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त त्या विषयावर बोलायचे बंद झाले ते झालेच. कुणी विचारलं, पोरगं काय करतंय, तर म्हणायचे, “हाय की कॉम्प्युटरात.” कॉम्प्युटरात म्हणजे जसं काही विहिरीत पडलंय. हे शब्द विश्वजितच्या कानावर यायचे आणि तो ते मनात जपून ठेवायचा. बाप तसा लेक.

पण ती पाठ बघितल्यावर त्याला राहवलं नाही. चहा पिताना म्हणाला, “आण्णा, जरा बसशीला काय? चित्र काढायचंय.”

“कुणाचं?”

“तुमचंच. शर्ट काढून.”

चुलीपाशी त्याची आई, आक्काताई, भाकरी थापायची थांबली. तिला वाटलं, आता कप फुटतोय. उदयसिंहांनी कप खाली ठेवला. मग उठले आणि म्हणाले, “आतलं दार लावून घे.”

आतल्या खोलीत स्टुलावर ते बसले. एवढा दांडगा माणूस, पण शाळेत फोटोला बसवलेल्या पोरासारखा ताठ. विश्वजित काढत राहिला. मान आणि खांद्याच्या मधला तो उंचवटा, पाठीचे दोन पट, आणि तो उतरलेला खांदा. मधेच आण्णांनी विचारलं, “ह्या लोकांस्नी पंख हायती म्हणतोस. मग म्हातारपणी काय करत्यात?”

विश्वजितनं याचा विचारच केला नव्हता. त्याचे सगळे घारवे तरुण होते.

मग तो भरभर काढत सुटला. एक म्हातारा घारवा. छाती पखवाजासारखी, उजवा पंख मोडून लोंबतोय, मिटतच नाही. त्याला उडता येत नाही. तो कड्याच्या टोकावर उभा राहून पोरांना उडी घ्यायला शिकवतो. कुस्तीला सोडताना वस्ताद पैलवानाच्या पाठीवर माती लावून थाप मारतो, तशी यानं पाठीवर थाप मारल्याशिवाय एकही घारवा पहिली उडी घेत नाही. पोर वर गेलं की म्हातारा मान वर करून बघत उभा. एवढंच.

कंपनी खूश झाली. ही सगळी जमात या म्हाताऱ्याभोवती उभी करूया, असा निरोप आला. शिवानीनं सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि विश्वजितला पहिल्यांदाच म्हणाली, “नाद खुळा काम केलंयस.”

त्यानं ते चित्र घरी मोबाइलवर आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

“एक पंख मोडकाच ठिवलास?”

“तो मोडका हाय म्हणूनच समदी त्याचं ऐकत्यात, आण्णा.”

उदयसिंहांनी तो पंख बोटांनी मोठा करून बघितला. मोबाइल परत देताना म्हणाले, “मला धाडतोस?”

धाडायचं नव्हतं. गेम जाहीर होईपर्यंत एक रेघसुद्धा बाहेर जाणार नाही, असं स्टुडिओनं लिहून दिलं होतं. पण बापानं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं चित्र मागितलं होतं. अशा वेळी जो लेक नाही म्हणेल त्याला माझा दंडवत. विश्वजितनं धाडलं आणि सांगितलं, “कुणाला दावू नगासा. गेम येस्तोवर भाईर गेलं तर माझं काम जाईल.”

“मी काय खुळा हाय व्हय?”

आणि त्यांनी ते राखलंही. देवळाच्या कट्ट्यावर एकटेच बसून बघायचे आणि कुणी आलं की मोबाइल खिशात. महिनाभर तरी त्या माणसानं तो आनंद एकट्यानं सोसला. मग एकदा बाळासो, त्यांचा जुना जोडीदार, तालमीच्या दारात म्हणाला, “पोरगं अजून कॉम्प्युटरातच काय रं तुझं?” आणि उदयसिंहांच्या छातीत जे साठलं होतं ते उसळून वर आलं. त्यांनी मोबाइल काढला.

त्यांच्या डोक्यात हे बाहेर दाखवणं नव्हतंच. आमच्याकडं लग्न ठरलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, घरात कुणी आजारी पडलं, तर पहिली खबर तालमीत जाते आणि मग पावण्यांकडं. तालीम म्हणजे घरच. तिला बाहेर कोण म्हणणार? बाळासोचं मन सोन्याचं, पण तोंडात तीळ भिजत नाही. “बघू की जरा” म्हणून त्यानं मोबाइल घेतला आणि चित्र स्वतःला पाठवून घेतलं. तिथून ते तालमीच्या ग्रुपवर गेलं.

वस्तादांची एकसष्टी जवळ आली होती. बैल शर्यतीत आला तरी फ्लेक्स, कुत्र्याचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स, अशी आमची रीत. मग वस्तादांना पंख फुटल्यावर पोरं गप्प बसतील? चौकात दोन मजली फ्लेक्स लागला. मधे तो म्हातारा घारवा, एक पंख पसरलेला, एक लोंबता. वर लिहिलेलं, ‘आमचे वस्ताद आता परदेशी गेममध्ये!’ खाली ‘चित्रकार : चि. विश्वजित’, आणि त्याखाली काळे गॉगल घातलेली शुभेच्छुकांची ओळीनं मुंडकी. उदयसिंहांना पोरांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. हात धरून चौकात आणलं तेव्हा ते फ्लेक्सकडं बघतच राहिले. ‘पोराला विचारलं हुतं का रं?’ एवढं त्यांनी विचारलं म्हणतात. पण तेवढ्यात हलगी सुरू झाली.

आदल्या रात्री फ्लेक्स चढवतानाच पोरांनी रीलही टाकले होते. बघता बघता ते कुठल्या कुठं गेले. एकसष्टीच्याच दिवशी दुपारी कंपनीचा मेल आला. सोबत आमच्या चौकाचा फोटो. काम थांबवलंय, घारवे गेममधून काढतोय, पुढचं वकील बोलतील. शिवानीनं मेल वाचला, मग विश्वजितला वाचायला दिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “पाच माणसं हायती रं माझ्याकडं.” आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

विश्वजित गाडी काढून चौकाकडं निघाला. वाटेत एखादा सिग्नल लागायला हवा होता. एखादी म्हैस आडवी यायला हवी होती. काहीच आडवं आलं नाही आणि तो नेमक्या त्या वेळी पोचला.

स्टेजवर पोरं ओरडत होती, “वस्ताद, शर्ट काढा की! जुळतंय का बघू!” उदयसिंह हसत होते, नको नको म्हणत होते. मग त्यांनी वर फ्लेक्सकडं बघितलं. तिथं त्यांचा मोडका खांदा दोन मजले उंच टांगलेला होता आणि त्याला कुणी हसत नव्हतं. त्यांनी गळ्याची गुंडी काढली. मग दुसरी. शर्ट खाली पडला. आणि मग ज्या शिट्ट्या, ज्या टाळ्या! बाळासो तर ढसाढसा रडत होता. उघड्या अंगानं, एक खांदा खाली घेऊन, उदयसिंह फ्लेक्सखाली उभे होते. इतकं सुखी त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं.

विश्वजितला हे काही दिसलं नाही. त्याला फ्लेक्स दिसला.

तो स्टेजवर चढला. हलगी थांबली. “आण्णा, शर्ट घाला,” तो म्हणाला. “जन्मभर झाकून ठिवलासा, आन् आजच दावायचा हुता? तुमच्या ह्या मोडक्या खांद्यापायी माझं सगळं गेलं!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं काय बोललो. पण तोंडातून सुटलेलं परत येत नाही.

उदयसिंहांनी वाकून शर्ट उचलला. उजवा हात वर जात नसल्यामुळं ते नेहमी उजवी बाही आधी घालायचे. त्या गडबडीत त्यांनी डावी आधी घातली आणि उजवा हात बाहीत जाईना. सगळ्या चौकासमोर ते चाचपडत राहिले. शेवटी बाळासोनं पुढं होऊन हात घालून दिला. त्यांनी गुंड्या लावल्या, गळ्यापर्यंत. मग पोरांना म्हणाले, “उतरवा त्यो फ्लेक्स.”

पुढं वकील काही बोलले नाहीत, पण कंपनीनं शिवानीला परत काम दिलं नाही आणि दुसऱ्याही कुणी दिलं नाही. आता त्या वरच्या मजल्यावर मोबाइलवर धाडायच्या लग्नाच्या हलत्या पत्रिका आणि निवडणुकीचे फ्लेक्स तयार होतात. शिवानीनं विश्वजितला काढलं नाही. चूक तुझी नव्हती, असंही ती कधी म्हणाली नाही.

वर्षभरानं गेम आला. विश्वजितनं स्टुडिओत बसून एकट्यानं खेळून बघितला. कडे होते, त्यानंच सुचवले होते तसे, वारं सुटलेले. कड्यांवर कुणी नव्हतं.

तो घरी आला. उदयसिंह सोप्यात बसून लसूण सोलत होते. तालमीत जायचे, पोरांना शिकवायचे, जेवायचे, सगळं पहिल्यासारखं. मोबाइल मात्र त्यांनी आक्काताईला देऊन टाकला होता. विश्वजित त्यांच्यासमोर खालीच बसला.

“आण्णा, त्या दिवशी चुकलं माझं.”

“तुझं कशानं? तू सांगितलं हुतंस. म्याच वाटुळं केलं तुझं.”

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं, की त्यांनी वर्षभर दुसरा काहीच विचार केला नसावा हे विश्वजितला कळलं. त्यानं पुढ्यातला लसणाचा एक गड्डा उचलला आणि सोलायला घेतला. शेवटी म्हणाला, “परत एकदा बसशीला? कंपनीसाठी न्हाय. माझ्यासाठी.”

“बसतो की,” ते लगेच म्हणाले.

आतल्या खोलीचं दार या वेळी त्यांनी स्वतःच लावलं. स्टूल ओढून बसले. विश्वजितनं कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि थांबला. आण्णांचे हात मांडीवरच होते.

“शर्ट, आण्णा?”

“ऱ्हाऊ दे. असाच काढ.” मग म्हणाले, “आन् विश्वा, ह्या बारीला मला कुणी वळखणार न्हाय आसा काढ.”

विश्वजितनं मान खाली घातली आणि गळ्याच्या गुंडीपासून काढायला सुरुवात केली.